लग्नाच्या कर्जावर बी.एस्सी.

आबा,

तुम्ही माझं लग्न एकदा लावलंत. कागदावर, आठशे रुपयांना, दोन जामीनदारांच्या सह्यांनिशी. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, मलाही पेन्शन घ्यायला लागून वीस वर्षं होऊन गेली, तरी तो कागद आठवला की माझं डोकं तापतं. वय झालं की माणूस निवळतो, असं तुंगार्लीच्या तळ्यावर फिरायला येणारी मंडळी मला सांगतात. मी निवळलेली नाही. माझ्याशी कोण कधी चुकीचं वागलं त्याची यादी मला अजून तोंडपाठ आहे, आणि त्या यादीत तुम्हीही आहात, म्हणून हे पत्र.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवसापासून सांगते. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतली आपली दीड खोली, बाहेरच्या ओट्यावर तुमचं दाढीचं सामान, आणि उंबऱ्यात मी, हातात मार्कांचा कागद. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझी फी पहिलीपासून अर्धी केली होती. त्याच्या बदल्यात त्यांनी मला इंग्रजी दिलं आणि तुमच्या बोलण्याची लाज दिली. शाळेत मराठी बोललं की एक आणा दंड होता. घरी मी तुम्हाला दंड करायची, पैशांनी नाही, नजरेनं. तुम्ही ‘न्हाई’ म्हणालात की मी ‘नाही’ म्हणायची, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. पण त्याच शाळेत एका सिस्टरनं मला कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. रोज भाजीत पडणाऱ्या कांद्यात विटांच्या भिंतीसारखी नीट बांधणी आहे, हे बघितल्यावर मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. मला बी.एस्सी. करायची होती, जीवशास्त्र घेऊन, पुण्याला जाऊन. मी ते तुम्हाला एका वाक्यात सांगितलं. तुम्ही वस्तरा पुसलात आणि म्हणालात, “थांब.”

तुम्ही घाटातले सांधेवाले, गाडीचा रूळ बदलून देणारे. उतारावर येणारी प्रत्येक गाडी आधी उभी राहिली पाहिजे, ड्रायव्हरनं शिट्टी दिली पाहिजे, मगच तुम्ही सांधा मुख्य लायनीला लावणार. तोवर तो चढावरच्या बंद रुळाकडे लावलेला, म्हणजे ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी. इतकी वर्षं हे काम केल्यावर तुम्हाला कुठलीच गोष्ट उभी केल्याशिवाय पुढे सोडता येत नव्हती. मलाही तुम्ही उभं केलंत आणि चौकशीला निघालात. स्टेशन मास्तरांना विचारलंत, बी.एस्सी. झालेल्याला रेल्वेत काय मिळतं. ते म्हणाले, कारकुनी, पण तिला मॅट्रिकही पुरतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलंत. ते म्हणाले, डॉक्टर होणार असेल तर जीवशास्त्र, नाहीतर ते घेऊन पोरगी करणार काय, फुलं मोजणार? मग मला बरोबर घेऊन कॉन्व्हेंटमध्ये गेलात, टोपी हातात धरून. सिस्टर इंग्रजीत बोलल्या आणि मी तुम्हाला मराठीत सांगितलं, की त्या म्हणताहेत, ज्ञान पगारासाठी नसतं आणि देव काळजी घेईल. मग मला म्हणालात, “त्यांना सांग, देव देईल खरं. पन सोसायटी हप्ता पगारातूनच कापून घेती, देवाकडनं न्हाई.” मी ते सांगितलं नाही. मी सिस्टरांना म्हटलं, वडील तुमचे आभार मानताहेत.

त्या रविवारी तुम्ही ओट्यावर बसून मला जो हिशेब समजावलात तो मी पुढं कॉलेजातल्या कुठल्याही प्राध्यापकाकडून इतका स्पष्ट ऐकला नाही. माझी शाळेतली मैत्रीण, शेजारच्या चाळीतली, मॅट्रिक होताच टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागत होती. तिला शंभराच्या वर पगार पहिल्या महिन्यापासून. तुम्ही म्हणालात, “ती चार वर्सं मिळवनार. तू चार वर्सं न्हाई मिळवनार, आन् वर मी तुझ्यापायी हप्ता भरनार. म्हंजी दोनी बाजूनी गेलं का न्हाई? मग चार वर्सांनी तुला तिच्यापरीस किती जास्त मिळत्यात, त्येवढं सांग. ते कळल्याबिगर मला सांधा वढता येत न्हाई.” मला काय माहीत किती मिळतात? बी.एस्सी. झालेली बाई मी पाहिलेली नव्हती. पण मी सतरा वर्षांची होते आणि गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. मी म्हटलं, दीडशे तरी. तुम्ही बोटांवर काहीतरी केलंत, दोनदा. मग म्हणालात, दीडशे असतील तर बसतंय.

सोसायटी म्हणजे रेल्वे कामगारांची पतपेढी. तिथल्या कारकुनाचं टेबल मला आजही दिसतं. अर्जावर कर्जाचं कारण लिहायचं आणि कारणं ठरलेली: लग्न, आजारपण, मयत, घरदुरुस्ती, मुलाचं शिक्षण. मुलीचं शिक्षण नाही. तो मला ऐकवून म्हणाला, मुलगी शिकून मिळवणार ते दुसऱ्याच्या घरात. सोसायटीनं दुसऱ्याच्या घराला कर्ज का द्यावं? मी तोंड उघडलं तेव्हा तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत. आणि त्या कारकुनाला शांतपणे म्हणालात, मग लग्न लिवा. त्यानं लिहिलं. आठशे रुपये, महिना वीस आणि व्याज. मुलीच्या लग्नाचं कर्ज एका मुलीसाठी एकदाच, हेही त्यानं सांगितलं, आणि तुम्ही मान हलवलीत. पुढं माझ्या भावाच्या वेळी तोच कारकून होता. भावाचा अर्ज पाच मिनिटांत झाला. त्या कर्जावर केलेल्या डिप्लोम्याचं भावानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी आता उगाळत नाही.

कर्ज मंजूर झालं आणि चाळीत बातमी पसरली की माझं लग्न ठरलं. तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं; जामीन राहिलेल्या दोघांनाही नाही. चौथ्या दिवशी दुपारी सात-आठ बायका पोळपाट-लाटणी घेऊन आपल्या दारात. लग्नघरी पापड लाटायला न बोलावता जायची चाळीची रीत. आईचा चेहरा मी विसरणार नाही. “लग्न नाही” म्हणावं तर तुम्ही सोसायटीला खोटं सांगितल्याचं उघडं पडतं, म्हणून तिनं उडदाचं पीठ काढलं. अंगणात चादरी पसरल्या, बायका लाटायला बसल्या, आणि नवरा कुठला, काय करतो, हे सुरू झालं. आई म्हणत होती, अजून बोलणी चाललीत. मला ते सहन होईना. मी बाहेर येऊन म्हटलं, “नवरा पुण्याचा आहे. कॉलेजात असतो. बेडूक आहे.” मग समोरच्या मावशी लाटणं न थांबवता म्हणाल्या, “मंग हळद कुनाला लावायची गं बाय, बेडकाला?” आणि सगळ्या हसल्या. कर्ज कॉलेजसाठी आहे हे त्यांना कळलं होतं आबा. सगळ्यांना कळलं होतं. तरी त्यांनी पीठ संपेपर्यंत पापड लाटले आणि सोसायटीपर्यंत एक शब्द गेला नाही. ते पापड दोन वर्षं माझ्या डब्यात होते. रागानं मी ते खात नव्हते, गाडीत वाटून टाकत होते.

चार वर्षं मी पासावर पुण्याला जात होते. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. प्रयोगशाळेची फी वेगळी, पांढरा एप्रन वेगळा, चिरफाडीची पेटी वेगळी. ती पेटी घ्यायला आठशेत जागा नव्हती. तुम्ही मला विचारलंत, आत काय काय असतं. मी चित्र काढून दिलं. आठ दिवसांनी तुम्ही एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवलात. लोको शेडमधल्या फिटरकडून तासून आणलेली कात्री, छत्रीच्या काड्यांच्या सुया, त्यांना लाकडी मुठी, आणि तळाशी मेण ओतलेली उथळ थाळी. मी तो डबा बघितला आणि म्हटलं, वर्गात सगळे हसतील. तुम्ही म्हणालात, “हसू दे की. कापतंय का ते बघ.” कापत होतं. वर्गातल्या विकतच्या कात्र्यांपेक्षा चांगलं कापत होतं, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. परीक्षेआधी सरावाला बेडूक कमी पडतात असं मी एकदा घरी बोलले, तर दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तुम्ही तुंगार्लीच्या तळ्याकाठी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन उभे. ओल्या पोत्यात अकरा बेडूक. आईनं पोतं घरात घेऊ दिलं नाही. माझ्याबरोबर पुण्यापर्यंत गाडीत ते पोतं मांडीवर घेऊन बसलात, शेजारच्या माणसानं विचारलं तर म्हणालात, पोरीचं पुस्तक हाय.

मी पास झाले. सेकंड क्लास. आणि मग दहा महिने घरी बसले. कारण बी.टी., म्हणजे शिक्षकाची पदवी, नाही म्हणून सरकारी शाळा घेईना, पहिला वर्ग नाही म्हणून कॉलेज घेईना, आणि जीवशास्त्राची बाई कुठल्या कारखान्याला हवी होती? टेलिफोनवाल्या मैत्रिणीचा पगार तोवर वाढला होता. त्या दहा महिन्यांत तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं. मी भांडले असते. शेवटी मावळातल्याच एका खाजगी शाळेत लागले. नाव लिहीत नाही. त्या संस्थेचे सेक्रेटरी माझ्या यादीत वरच्या नंबरावर आहेत. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी पगारपत्रक पुढं सरकवलं. रेव्हेन्यू तिकिटावर सही, आकडा दीडशे. माझ्या हातात ठेवले एकशे दहा. मी मोजून वर बघितलं तेव्हा ते गोड आवाजात म्हणाले, “चाळीस संस्थेला देणगी असते, बाई. सगळेच देतात.” मी सही केली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, एवढी जिभेची तिखट म्हणून ओळखली जाणारी मी, एक अक्षर न बोलता सही केली, कारण बाहेर बाकावर आणखी दोन बी.एस्सी. बसलेले मला दिसत होते.

पहिला पगार बापाच्या हातात द्यायचा. एकशे दहा म्हणजे मैत्रिणीच्या पगारापेक्षा कमी, चार वर्षं उशिरा, आणि वर तुम्ही भरलेले हप्ते. मी स्टेशनवरून सरळ मैत्रिणीकडे गेले आणि चाळीस रुपये उसने घेतले. कशाला, हे तिनं विचारलं नाही. घरी येऊन दीडशे तुमच्या हातावर ठेवले. तुम्ही ओट्यावर बसला होतात. एकदा मोजलेत, पुन्हा मोजलेत, आणि माझ्याकडे बघून विचारलंत, “दीडशे?” मी म्हटलं, “व्हय.” नाही आबा, मी ‘हो’ म्हटलं नाही. तुमच्याच भाषेत ‘व्हय’ म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा. तुम्ही हसलात. पुढच्या महिन्यापासून मी शनिवार-रविवार तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये मुंबईहून येणाऱ्यांच्या मुलांना शिकवायला जाऊ लागले. प्रदर्शनाची तयारी आहे, जादा तास आहेत, असं घरी सांगायची. ते चाळीस रुपये तसे उभे राहायचे. उसने फिटले. कुणाचं काही बुडवलं नाही. इथंच हे संपलं असतं.

पण तुम्ही ते सांगत सुटलात. केबिनमध्ये सांगितलंत, सोसायटीत त्या कारकुनाला जाऊन सांगितलंत, सुदुंबऱ्याला काकांना सांगितलंत, जे चार वर्षं गावाकडच्या घराची कौलं बदलली नाहीत म्हणून तुमच्याशी बोलत नव्हते. पोरगी दीडशे मिळवती. आणि मग एका संध्याकाळी मामा आले. तुमच्या दोन जामीनदारांपैकी एक, नात्यानं नाही पण मी मामा म्हणायची ते; डोंगरावरच्या वाडीतले, रेल्वेच्या ट्रॉलीवर काम करणारे. त्यांची मुलगी नगरपालिकेच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती. वाडीतली पहिली. तुमच्यासारखेच ते टोपी हातात धरून बसले आणि तुम्हाला म्हणाले, “भाऊ, तुमचं बगून इचारतो. बसतंय का ते, कर्जाचं आन् पगाराचं?” तुम्ही त्यांना सगळा हिशेब मांडून दाखवलात. चार वर्षं इकडून, चार वर्षं तिकडून, हप्ता इतका, आणि शेवटी दीडशे. मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, सांग की गं मामाला. मी कपबशा खाली ठेवल्या आणि म्हटलं, दीडशे, मामा. मामांनी लग्न लिहून कर्ज काढलं. या वेळी जामीन तुम्ही.

त्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं. तुमच्या हिशेबात, माझ्या हिशेबात, कुणाच्याच हिशेबात हे धरलेलं नव्हतं, की माझ्या चार वर्षांमागं सिस्टरांची अकरा वर्षं होती. ती इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला, बसली आणि नापास झाली, पुन्हा बसली आणि नापास झाली. मी तिला शिकवायला हवं होतं. शनिवार-रविवार मी बंगल्यांवर होते, चाळीस रुपयांसाठी. ती घरी परत आली. दोन वर्षांनी खरंच लग्नाची वेळ आली तेव्हा सोसायटी म्हणाली, या मुलीचं लग्न कागदावर झालेलं आहे. मामांकडे दुसरं काही नव्हतं. बिजवराला दिली तिला, आंबीच्या बाजूला, पदरात आधीची दोन मुलं. तुम्ही त्या लग्नाला गेला होतात. परत आलात आणि दोन दिवस जेवला नाहीत. आईला म्हणालात, पोरगी हुशार व्हती, नशीब न्हाई. तुम्हाला वाटलं ते नशीब. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते.

त्यानंतर तुम्ही आणखी सहा वर्षं होता. सहा वर्षांत सांगता आलं असतं. तेव्हा मला वाटायचं, सांगितलं तर तुमचं इतकी वर्षं हप्ते भरणं मी पुसून टाकीन. आता वाटतं, हे मी स्वतःला सांगण्यासाठी बरं होतं. कारण राग मी तुमच्यावरच धरून बसले. का सांगत सुटलात? घरातली गोष्ट घरात का ठेवली नाहीत? सेक्रेटरीवर धरला, कारकुनावर धरला, पगारापुढं शिक्षणाला उभं करून मापणाऱ्या प्रत्येकावर धरला. पुढं माझं सगळं नीट झालं. बी.टी. केलं, सरकारी मान्यतेच्या शाळेत गेले, पूर्ण पगारावर सही करून पूर्ण पगार घेतला, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. हिशेब शेवटी बसला, आबा. फक्त तो बसायला पंधरा वर्षं लागली, आणि मामांच्या मुलीकडे पंधरा वर्षं नव्हती.

तुम्ही गेल्यावर एकदा ती मला लोणावळा स्टेशनवर भेटली. करवंदांची पाटी घेऊन बसली होती. मला तिनंच ओळखलं. द्रोण भरून वर आणखी मूठभर घातली, पैसे घ्यायला तयार होईना. मग विचारलं, “ताई, कॉलेजात अजून बेडूक कापत्यात का वो?” मी म्हटलं, कापतात. ती म्हणाली, “माझा एक लय नीट कापला व्हता. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखीवला.” तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल काही नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. काही नव्हतं.

मागच्या आठवड्यात भावाची नात आली होती. तिला जीवशास्त्रातलं काहीतरी नवीन नाव असलेलं शिक्षण घ्यायचं आहे, बँक कर्ज देते आहे, आणि तिचा बाप म्हणतो आहे, आधी थांब, नोकरीत काय मिळतं ते बघ. तो आकडा लाखांत आहे, पण बाकी सगळं मी ओळखते. बापाला मी फोनवर पुष्कळ सुनावलं. पोरगी माझ्यासमोर मोबाइल घेऊन बसली आणि म्हणाली, आजी, मी सगळ्यांना विचारते आहे, म्हणजे बाबांना दाखवता येईल. तुला पहिला पगार किती मिळाला होता?

हे पत्र त्याआधीच दोन दिवस लिहायला घेतलं होतं. ‘हातात ठेवले एकशे दहा’ इथपर्यंत आले होते, कागद त्याच टेबलावर पालथा होता. कुठं टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून तो आकडा मला लिहिता तरी आला होता.

मी म्हटलं, दीडशे. तिनं तो लिहून घेतला.